एकशे सत्तावीस, एकशे अठ्ठावीस

माडी पाडायचं ठरलं तेव्हा दादाचा फोन आला. "तुझं काय सामान वर पडलंय ते येऊन घेऊन जा. पुन्ना म्हणशील, भावानं भंगारात घातलं." मी म्हटलं, माझं कसलं सामान? लग्नात सगळं ट्रंकेत भरून पाठवलं होतंत की तुम्ही, मला धरून. तो हसला. "ये तर खरं," म्हणाला.

म्हणून ऐन मे महिन्यात, डोक्यावर पत्रा तापलेला असताना, मी शिवाजी पेठेतल्या आमच्या माडीवर फतकल मारून बसले आहे. ही माडी म्हणजे काही फार नाही. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर नुसता पत्रा, तीन बाजूंनी विटा आणि रस्त्याकडे एक खिडकी. आता इथं स्लॅब पडणार. वहिनीनं वर येणं केव्हाच सोडलंय, गुडघे चालत नाहीत म्हणून. दादाचेही चालत नाहीत, पण तो हट्टानं आला आणि धापा टाकत पिंपावर बसलाय. मी कोपऱ्यातल्या रिकाम्या पिंपांच्या मागं हात घातला आणि तो डबा लागला.

जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा डबा. दादाचा शाळेतला, एका कोपऱ्याला पोचा आलेला. झाकणाच्या मधोमध ट्रकचा डिपर. पूर्वी ट्रकच्या दिव्यांचा झोत खाली-वर करायला ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी एक खटका असायचा, तो. बाजूला जुन्या रेडिओचं एक बटण, आणि वायर खुपसायला दोन भोकं. मी झाकण काढलं तर आधी वास आला. राळेचा. तारांना डाग देऊन जोडताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, राळ जळते, तिचा तो गोडसर, देवळात धूप विझल्यावर मागं राहतो तसला वास. इतक्या वर्षांनी तो कसा काय उरला असेल? बहुधा डब्यात नसेलच, माझ्याच नाकात असेल. पण आला खरा, आणि मी खिडकीकडं बघितलं, कारण त्या वासाबरोबर खिडकीकडं बघायची मला सवयच होती.

डब्यात काय आहे ते सांगते. गिटारचा आवाज फाडायचं यंत्र. लोक आवाज सुधारायला यंत्रं करतात, आम्ही बिघडवायला केलं होतं. तेव्हाच्या सिनेमाच्या गाण्यांत मधेच एक गिटार यायची, घसा बसलेल्या माणसानं जिवाच्या आकांतानं ओरडावं तशी. साध्या गिटारमधून तो आवाज निघत नसे. मधे दोन ट्रान्झिस्टरचं एक छोटं यंत्र लागायचं. त्याला फझ म्हणत. ते कोल्हापुरात मिळत नव्हतं, मुंबईत मिळत असलं तर आम्हाला ठाऊक नव्हतं. दादाच्या एका गिटारवाल्या दोस्ताकडे कुठल्याशा परदेशी मासिकाचं एक पान होतं, त्यावर त्याची आकृती. ते पान दादानं मला आणून दिलं आणि म्हणाला, "तू बीएस्सी हायस न्हवं? मग कर की."

मी बीएस्सी होते. फिजिक्स. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही चौघीच मुली, आणि चौघींत डाग द्यायला हात थरथरत नसे तो माझा एकटीचा. सर म्हणायचे, पुढं एमएस्सी करा. मी ते घरी सांगितलं. बाबा जेवत होते. त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आता बास." एवढंच. आमच्या घरात मोठे निर्णय दोन शब्दांतच व्हायचे. त्या दिवसापासून दार उघडं असूनही माझ्यापुरतं बंद झालं. कुणी कडी घातली नाही, कुणी ओरडलं नाही. फक्त बाहेर जायचं कारण उरलं नाही, आणि कारण नसताना बाहेर जाणाऱ्या मुलीला आमच्या गल्लीत नाव होतं.

ती उन्हाळ्याची सुरुवात होती. उन्हाळ्यात लग्नाच्या मुलीला एक काम हमखास असतं, वाळवण राखायचं. माडीच्या पुढच्या पत्र्यावर जुनी धोतरं अंथरून आई कुरडया, सांडगे, पापड घालायची आणि मला हातात काठी देऊन खिडकीत बसवायची. कावळ्यांना हाकलायचं. कावळा यायचा, मी काठी उचलायची, तो उडायचा. समोरच्या तालमीच्या तांबड्या मातीचा वास, कुणाच्या तरी घरात मिरची भाजत असल्याचा ठसका, आणि अख्खी गल्ली एकदमच शिंकायची. खाली पोरं फुटबॉलवरनं भांडायची. संध्याकाळी म्हशी, गिऱ्हाइकापुढंच धार काढतात त्या दुधाच्या कट्ट्याकडं निघायच्या, तुळतुळीत भादरलेल्या, तेल लावलेल्या, हलत-डुलत. त्या रोज ठरल्या वेळी बाहेर पडतात याचा मला हेवा वाटायचा. म्हशीचा हेवा. हसू नका, वाटायचा.

दादाचं वेगळं होतं. निदान मला तसं वाटत होतं. बाबांची शाहूपुरीत गुळाची अडत होती. शेतकऱ्यांचा गूळ येणार, सौद्यात लागणार, व्यापारी घेणार, आणि बाबा मधे बसणार. आता त्यांना दादाला त्या गादीवर बसवायचं होतं. तो सकाळी नाखुशीनं जायचा आणि संध्याकाळी यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्याला, केसांना, अगदी गिटारच्या तारांनासुद्धा गुळाचा वास असायचा. हात धुऊन तो वर यायचा, भिंतीवरची गिटार काढायचा आणि डोळे मिटून वाजवायचा. मी बघत बसायची. मला त्याच्या मिटलेल्या डोळ्यांत दिसायचं की हा इथं नाही. हा कुठंतरी लांब, मोठ्या स्टेजवर, झगमगाटात आहे. दोघांपैकी एक तरी बाहेर पडलाच पाहिजे, हे मी तिथंच ठरवलं. मी पडणार नव्हते, ते तर बाबा पाणी प्यायले तेव्हाच कळलं होतं. मग तो.

आणि तशी संधी आली. मुंबईचा एक मोठा ऑर्केस्ट्रा कोल्हापुरात कार्यक्रम करणार होता. त्यांचा गिटारवाला सोडून गेलेला. मालक म्हणे दुसऱ्या दिवशी थिएटरात इथल्या पोरांना ऐकून घेणार, एक निवडणार, आणि सरळ बरोबर घेऊन जाणार. दोस्ताकडून निरोप आला, "फझ असलं तर घेऊन या." तेव्हापासून वाळवणाच्या राखणीला जोर चढला. आईला कौतुक वाटायचं, पोरगी दिवसभर वर बसती, कुरकुर करत न्हाई. पोरगी एका हातात काठी आणि एका हातात डाग द्यायची सळई घेऊन बसली होती.

मासिकातल्या पानावर ट्रान्झिस्टरचा जो नंबर होता तो इकडे कुणी ऐकलेलाही नव्हता. मी पुस्तकं काढून बसले. त्याच जातीचा, जर्मेनियमचा, आपल्याकडच्या रेडिओत असतो तो एसी एकशे अठ्ठावीस. तो चालला असता. दादाला सांगितलं, मंगळवार पेठेत दस्तगीरभाईंकडं जा, एकशे अठ्ठावीस दोन आण. दस्तगीरभाई रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे मेलेल्या रेडिओंचे अवयव चहाच्या डब्यांत भरून ठेवलेले असत. दादा गेला आणि दोन ट्रान्झिस्टर घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं, एकशे सत्तावीस.

"अरे, मी अठ्ठावीस सांगितला होता."

"न्हवता त्यांच्याकडं. हे बी चालतंय म्हणाले."

"असं म्हणाले?"

"म्हणाले, ही दोघं सख्खी भावंडं हायती, एका रेडिओत जोडीनंच असत्यात. मग एकानं काय फरक पडतोय?"

मी कपाळावर हात मारला. दस्तगीरभाई खरंच बोलले होते. रेडिओत हे दोघं जोडीनंच काम करतात, दिसायलाही तंतोतंत सारखे, तीन पायांची पत्र्याची टोपडी. पण दोघांच्या पोटात वीज उलट दिशांनी वाहते. एकाला जिथं बॅटरीचं धन टोक लावायचं, तिथं दुसऱ्याला ऋण. एकाच्या जागी दुसरा बसवला तर तो काहीच करत नाही, गप्प बसून राहतो. भावंडं असली म्हणून एकाच्या जागी दुसरं चालतं असं नाही, हे मी दादाला तेव्हा अगदी ठसक्यात ऐकवलं होतं. आज तेच वाक्य आठवून माझं मलाच कसंतरी होतंय, पण ते पुढं येईल.

थांबायला वेळ नव्हता. मी सगळं उलटं केलं. बॅटरी उलटी, जे जे दिशा बघून लावायचं ते सगळं उलटं, आणि सत्तावीसवरच यंत्र उभं केलं. पहाटे, अजून पत्रा गार असताना, दादानं मंडपवाल्या मित्राचा अ‍ॅम्प्लिफायर आणून जोडला. मी हातानं डिपर दाबला. तो आवाज! पहिलाच सूर असा फुटला की समोरच्या तालमीतली पोरं बैठका मारायची थांबली. दादा वेड्यासारखा हसत होता. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, कारण लपवायला त्या माडीवर जागाच नव्हती.

दुपारी पुन्हा लावलं तर आवाज मेला. आधी नुसती खरखर, मग गुदमरल्यासारखं काहीतरी, मग काहीच नाही. मी तास-दीड तास सगळे सांधे तपासले. संध्याकाळी पत्रा निवला तसं ते आपोआप पुन्हा बोलायला लागलं. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. जर्मेनियमला ऊन सोसत नाही. ते तापलं की त्यातून नको तेवढी वीज आपली आपणच झिरपायला लागते, आणि मग खऱ्या सुराला जागा राहत नाही. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर उन्हाला दाद देत नाहीत, ते मिळतही होते. लावून बघितले. आवाज यायचा पण कर्कश, भांडं घासल्यासारखा. दादा म्हणाला, "हे न्हाई. ते पयलंच पायजे." त्याचं बरोबर होतं.

म्हणजे मला थंड डोक्याचे एकशे अठ्ठावीस हवे होते. एकाच नंबरच्या दहा ट्रान्झिस्टरांचे दहा स्वभाव असतात. काही लगेच तापतात, काही सोसतात. ते नंबरावरून कळत नाही, एकेक हातात घेऊन, मीटर लावून बघावं लागतं. हे दादाकडून होणं शक्य नव्हतं. तो दुकानात उभा राहिला की दोन मिनिटांत कुणीतरी भेटायचा आणि फुटबॉल सुरू व्हायचा. जायला मीच हवी होते. मंगळवार पेठ आमच्यापासून किती लांब? चालत गेलं तर घाम येण्याआधी पोचता येईल. मला ते मुंबईइतकं लांब होतं.

दोन दिवस मी घुम्यासारखी बसले. आईनं विचारलं, काय झालंय? मी सांगितलं. दादाचं यंत्र अडलंय, दुकानात जाऊन सामान निवडायचंय, त्याला कळत नाही. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. आईनं पदराला हात पुसले.

"भावासाठी जायाचंय न्हवं? मग चल की. अंबाबाईची ओटी भरायची हायच, येताना जाऊ."

इतकं सोपं होतं. मला शिकायचं होतं तेव्हा जे दार जागचं हललं नाही, ते भावाचं नाव घेताच उघडलं. मला आनंद झाला आणि संतापही आला, आणि त्या दोन्हींसकट मी चपला घातल्या.

आई दस्तगीरभाईंच्या दुकानात स्टुलावर बसली, मांडीवर ओटीची पिशवी, त्यातून नारळाची शेंडी बाहेर आलेली. दस्तगीरभाई गडबडले. त्यांच्या दुकानात बायका रेडिओ घेऊन यायच्या, पण मीटर मागणारी पहिलीच. "वैनी, च्या सांगू का?" त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, "च्या नको. पोरगीला काय पायजे ते द्या, लेकाचं काम हाय." त्यांनी एक चहाचा डबा माझ्यापुढं उपडा केला. नवा माल नव्हता, पण मेलेल्या रेडिओंतून काढलेले एकशे अठ्ठावीस त्यात होते, पायांना अजून जुन्या डागाचे मणी लागलेले.

मी एकेक उचलायची, मीटरला लावायची, आणि टोपड्यावर बोट ठेवायची. माणसाच्या बोटाची ऊबसुद्धा त्यांना कळते. काटा हलू लागतो. काहींचा काटा बोट टेकताच उडी मारायचा. ते बाजूला. काहींचा सावकाश, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. ते जवळ ठेवायचे. दस्तगीरभाई आता चष्मा वर सरकवून माझ्या शेजारी वाकले होते आणि आम्ही दोघं काट्याकडं बघत होतो. "ह्यो रागीट हाय," ते म्हणायचे. "ह्यो बगा, ह्यो गरीब हाय. घ्या ह्यो." आई मागून म्हणाली, "वांगी निवडल्यागत काय निवडतीस गं?" पण उठ म्हणाली नाही. बाहेर रस्त्यावर ऊन होतं, सायकलींच्या घंट्या होत्या, रस काढायच्या चरकाचे घुंगरू वाजत होते, आणि मी आत बसून मला येत होतं ते काम करत होते. त्या अख्ख्या वर्षातला तेवढाच वेळ माझा होता. नंतर कित्येक वर्षं, झोप लागत नसली की मी डोळे मिटून तो डबा पुन्हा उपडा करायची.

दोन गरीब स्वभावाचे निवडून आम्ही उठलो. अंबाबाईपुढं आई काय पुटपुटली ते मला ऐकू आलं. ती माझ्यासाठी स्थळ मागत होती. देवीनं तिचं लगेच ऐकलं.

निपाणीचं स्थळ. तंबाखूचा व्यापार, घरचं चांगलं. बघायला यायचा दिवस ठरला तो नेमका दादाच्या परीक्षेचा. त्याची सकाळी होती, पाहुणे दुपारचे, त्यामुळं कुणाची हरकत नव्हती. पण रात्रीच्या कार्यक्रमानंतर मुंबईची मंडळी उशिरापर्यंत झोपली आणि निरोप आला की सगळं दुपारी. मी दादाला पुन्हा पुन्हा बजावलं. सगळं पुन्हा सुलटं करून अठ्ठावीस बसवलेत, सत्तावीसपेक्षा पुष्कळ टिकतील, पण ऊन ते ऊन. डबा सावलीत ठेव. माठाच्या पाण्यात फडकं बुडवून, पिळून डब्यावर घाल. तुझी पाळी येईपर्यंत काढू नकोस. तो हो हो म्हणत होता. गिटार पाठीला, डबा पिशवीत, असा तो खाली उतरला. मी खिडकीतून बघितलं. कोपऱ्यावर वळताना त्यानं मागं बघून हात केला.

मग मला साडी नेसवली. खालच्या खोलीत पाहुणे सतरंजीवर बसलेले. पोह्यांच्या बश्या फिरल्या. मुलाचे मामा बोलके होते.

"पोरगी बीएस्सी हाय म्हणं. मग काय काय येतं?"

"सगळं येतंय," बाबा म्हणाले.

मुलाच्या काकूनं माझा हात हातात घेतला. अंगठ्याशी डागाच्या सळईचा काळा ओरखडा होता. "हे काय गं झालं?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "भाकरीचा चटका." कुणीतरी मान डोलावली. भाकरी येते, हे सिद्ध झालं. मग मामा म्हणाले, "जरा चालून दाखव पोरी. त्या दारापातूर."

मी दारापर्यंत गेले. उंबऱ्यापाशी उन्हाचा पट्टा पडला होता, त्याचा चटका पायाच्या बोटांना लागला. आणि त्या क्षणी मला पोहे, पाहुणे, मुलगा काही दिसेना. माझ्या वरच्या ओठावर घाम आला होता आणि मला त्या घामावरून कळत होतं की डब्यात आता काय चाललंय. फडकं वाळलं असेल. काटा चढत असेल. आता खरखर सुरू झाली असेल. आता गुदमरत असेल. मी तिथंच उभी राहिले. "वळ की गं," आई हळू आवाजात म्हणाली, तेव्हा वळले. त्या घरात मला पसंत केलं गेलं, आणि मी सगळा वेळ दुसरीकडंच कान लावून बसले होते.

दादा दिवेलागणीला आला. गिटार खुंटीला अडकवली, डबा माझ्या हातात दिला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "न्हाई जमलं."

मी काही विचारलं नाही. विचारायचं काय? तापलं, मेलं. मीच निवडलेले, मीच बोट लावून तपासलेले. दुसऱ्या दिवसापासून तो अडतीच्या गादीवर गेला, न कुरकुरता. मी डबा पिंपांच्या मागं टाकला. त्या उन्हाळ्याचं वाळवण संपलं. तुळशीची लग्नं झाली, मग माझं झालं, आणि मी निपाणीला गेले, जिथं गुळाऐवजी सगळ्याला तंबाखूचा वास होता. वाईट काही झालं नाही. माणसं बरी होती. घरातले मिक्सर, इस्त्र्या, शेजाऱ्यांचे रेडिओ मी दुरुस्त करायची, आणि सासूबाई लोकांना सांगायच्या, आमची सून फार हुशार हाय, कारागीर बोलवायला लागत न्हाई. पण माहेरी आले की मी दादाच्या तोंडाकडं बघायचं टाळायची. तो जाड होत गेला, केस पिकले, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, दोन ट्रान्झिस्टर जर आणखी थोडा वेळ टिकले असते.

आज डबा मांडीवर घेऊन शेवटी विचारलं.

"त्या दिवशी किती वेळ चाललं होतं रे हे? पहिल्याच गाण्यात बंद पडलं का?"

"कवा?"

"थिएटरात. मुंबईवाल्यांपुढं."

त्यानं कपाळाचा घाम पुसला. "मी गेलोच न्हवतो की."

"कुठं?"

"थेटरात. रंकाळ्यावर जाऊन बसलतो. तुझं पावणं उठस्तोवर."

"मग न्हाई जमलं म्हणालास ते?"

"मग न्हाईच जमलं. वळणापातूर गेलो, पाय उचलंना. मुंबईला जाऊन काय करायचं हुतं मला? हितं गणपतीत वाजवायचो, तालमीत पडायचो, काय वाईट चाललं हुतं?"

"अडतीत तुझा जीव गुदमरत होता, दादा. मला दिसत होतं."

"माझा?" तो खरोखर चकित झाला. "गुळाचा वास मला आजून आवडतोय. तवा जरा कटाळा करायचो, एवढंच. पोरं करत्यात." मग पायाकडं बघत म्हणाला, "जायाचं तुला हुतं, बायडे. मला कळत हुतं की."

"कळत होतं तर बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? बाबांपुढं माझं काय चालत हुतं? तुला त्या डब्यापायी जेवायची शुद्ध नसायची. म्हटलं, तेवढंच तिला काम हाय, करू दे."

मला राग आला. असा राग मला वर्षानुवर्षांत आला नव्हता. इतकी वर्षं मी त्याची तुरुंगातून सुटका चुकवल्याचं ओझं वाहिलं, आणि हा गडी मजेत होता! त्याच्या मिटलेल्या डोळ्यांत मला जे स्टेज दिसायचं ते माझंच होतं. सख्खी भावंडं, दिसायला सारखी, आणि माझ्या जागी मी त्याला बसवायला निघाले होते. बॅटरीची टोकं तपासायचं मला सुचलं, हे तपासायचं सुचलं नाही. मी त्याला खूप बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, वहिनी वाचेल. त्यानं सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि मग म्हणाला, "बघ तरी चालतंय का."

बॅटरी त्यानं आधीच आणून ठेवली होती. गिटारही खुंटीवरून काढून ठेवलेली, तारा नव्या. भजनी मंडळाचा स्पीकर कोपऱ्यात होताच. म्हणजे त्याचा आधीपासूनच बेत होता, लबाडाचा. मी जोडलं. त्यानं तार छेडली. आधी नुसती खरखर, मग गुदमरल्यासारखं काहीतरी, मग काहीच नाही. पत्रा नुसता भाजत होता. तेच ऊन, तीच वेळ. मी उठून खाली गेले, माठात पदर बुडवला, पिळला, वर येऊन डब्यावर घातला आणि तसाच धरून बसले. खाली गल्लीत पोरं फुटबॉलवरनं भांडत होती. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा तार छेडली, आणि तो आवाज आला. फाटका, भरलेला, जिवाच्या आकांताचा. चालला असता. त्या दिवशीसुद्धा चालला असता.

मी रडले. दादानं रडू दिलं. मग त्यानं गिटार माझ्यापुढं केली.

"धर."

"मला येत नाही."

"येत कशाला पायजे? मार हात."

मी गिटार धरली. जड होती, एवढी असेल असं वाटलं नव्हतं. डबा जमिनीवर ठेवला. आजवर तो खटका मी हातानंच दाबला होता, टेबलावर, वाळवण राखताना, दुसऱ्यासाठी. मी उभी राहिले, ओला पदर खांद्यावर टाकला, चप्पल काढली आणि डिपरवर पाय ठेवला. खटका लागला. मग मी सगळ्या तारांवर एकदम हात मारला. पत्रा थरथरला, खिडकी थरथरली, खाली भांडणारी पोरं गप्प झाली.

"अवो!" वहिनी खालून ओरडली. "काय पडलं वर?"

"काय न्हाई," दादा ओरडून म्हणाला. "बायडी वाजवालीय."